नांगराच्या पुढं

२००९ साल सरत आलं होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. आमच्या गावाकडं माणूस सत्तरीला टेकला की त्याला मान मिळतो, निदान ओसरीवर खाट तरी मिळते. या देशात फॉर्म मिळतो. सत्तर वर्षं भरली की लायसन आपोआप संपतं. त्याच्या तीन महिने आधी सरकार घरी कागद पाठवतं, की बाबा रे, तुला दिसतंय का, मधूनच डोळा लागतो का, हातपाय चालतात का, ते खरं खरं लिहून दे, मग आम्ही विचार करतो. माझी सत्तरी मार्चातली. कागद डिसेंबरात आला. मुलानं तो फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला आणि म्हणाला, "हिवाळा जाऊ दे, बाबा. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते कळायला शाळा लागत नाही. मी स्वतः ते वाक्य त्याच्या लहानपणी सायकलीबद्दल वापरलेलं आहे. सायकल कधीच आली नव्हती.

फॉर्म मी स्वतः भरला असता, पण मी चौथी पास. तीही पास झालो कारण मास्तरांची बदली झाली आणि जाताना ते सगळ्यांना वर ढकलून गेले. इंग्रजी अक्षरं लावून मला दुकानाची पाटी वाचता येते, पण त्या फॉर्मातला एकेक शब्द मालगाडीएवढा. त्यामुळं माझी गाडी आता मुलाच्या पेनात अडकलेली होती, आणि पेन हिवाळ्याकडं बघत होतं.

ती चौथी घेऊन मी एकतीस वर्षं आंबा घाटातनं एसटीची लाल गाडी चालवली. आत साठ माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या, पावसाळ्यात काचेपुढं धुक्याचा नुसता दुधाळ पडदा. एकाही उतारूला खरचटलं नाही. निवृत्त झालो त्या दिवशी डेपोत विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीला लावला. पासष्टी उलटल्यावर मुलानं आम्हां दोघा नवरा-बायकोला इकडं आणलं, तेव्हा सोनं हिच्या पिशवीत होतं आणि बिल्ला माझ्या खिशात.

इथं आल्यावर कळलं की मला गाडी येत नाही. परीक्षा द्या म्हणाले. संगणकापुढं बसवलं, कानाला हेडफोन लावले, आणि एक बाई हिंदीतनं प्रश्न विचारायला लागली. पहिल्या खेपेला मी नापास. तिनं विचारलं, समोर म्हातारी रस्ता ओलांडत असेल तर काय कराल? उत्तरात 'हॉर्न वाजवा' असा पर्याय तिनंच दिलेला होता. दिला म्हणून मी घेतला. दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक प्रश्नाचं जे सर्वांत भित्रं उत्तर असेल ते दाबत गेलो आणि उत्तम मार्कांनी पास झालो. मग रस्त्यावरची परीक्षा. शेजारचा परीक्षक पाऊण तास तोंड मिटून बसला आणि शेवटी हसून म्हणाला, तुम्ही एकदाही हॉर्न वाजवला नाहीत, फार छान. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा एडिनबराला एका कंपनीत हिशेबनीस, सूनबाई तिथंच दवाखान्यात नर्स. घर मात्र त्यांनी शहराबाहेर टेकडीवरच्या खेड्यात घेतलेलं, कारण काय तर हवा चांगली. हवा चांगलीच असते, आठ महिने ती सुयांसारखी अंगात शिरते. मी मुलाला जुनी छोटी गाडी घ्यायला लावली. गिअरची आणि लाल. हिला बाजारात नेणं, सूनबाईला बसथांब्यावर सोडणं, एवढाच माझा रूट. पण रूट होता.

त्या डिसेंबरात बर्फ पडायला लागला तो थांबायचं नाव घेईना. मुलगा कामासाठी सोमवारी लंडनला गेला आणि विमानं बंद पडल्यामुळं तिथंच अडकला. लंडनातल्याच स्टॅनमोरला मित्राच्या घरी बसून तो रोज फोनवरनं आम्हांला सांभाळायचा. कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, दारात एक रंगीत पत्रक टाकलं होतं, हिवाळ्यात गाडी कशी चालवावी. ते बाबांना वाचून दाखव, असा त्यानं सूनबाईला हुकूम सोडला. तिनं बुधवारी पोहे खाताना मला समोर बसवलं आणि वाचायला घेतलं. ती पुण्याची आहे. पुण्याच्या माणसाला वाचून दाखवायला दिलं की तो थांबत नाही.

"गाडीच्या टपावरचा सगळा बर्फ काढूनच निघा."

"का? टपाला थंडी वाजते?"

"ब्रेक मारला की तो पुढच्या काचेवर घसरतो, बाबा. नाहीतर मागच्या गाडीवर उडतो."

"मागच्यानं बघून चालवावं."

"बर्फ काढणारी गाडी पुढे असेल तर तिच्यापासून लांब राहा. ती मीठ उडवते."

"मीठ?"

"हो, रस्त्यावर. त्याने बर्फ वितळतो."

"हां. म्हणजे हे लोक जेवणात घालत नाहीत ते सगळं रस्त्यावर घालतात होय."

चुलीपाशी, म्हणजे त्या काचेच्या शेगडीपाशी, आमची ही हसली. हसली म्हणून मला जोर चढला.

"आणि त्या गाडीला ओव्हरटेक करू नका," सूनबाई वाचत राहिली. "तुम्ही ज्या लेनमधून जाणार ती साफ झाली असेल तरच."

"बैलगाडीच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला ओव्हरटेक करायला लेखी मनाई. धन्य आहे."

"सोबत फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि गरम चहाचा थर्मास ठेवा."

"आणि गंगेचं पाणी. तेवढं विसरले."

"बाबा, आय ॲम सीरियस."

"मीपण. इतकं सगळं घेऊन निघायचं तर माणसानं घरीच मरावं. सोपं पडतं."

तिनं पत्रकाची घडी केली आणि फ्रिजवर माझ्या फॉर्मच्या शेजारी लावून टाकली. आता दोघं मिळून माझ्याकडं बघायला लागले.

गुरुवारी सकाळी तिची पाळी साडेसातची होती, पण खालच्या गावापर्यंत येणारी बस आलीच नाही. ती तासभर थांब्यावर उभी राहून नाक लाल करून परत आली. फोनवर रात्रपाळीची नर्स म्हणाली, तू येईपर्यंत मी वॉर्ड सोडत नाही, काळजी करू नकोस. सूनबाईला स्वतःला गाडी येते, लायसन आहे, पण बर्फावर ती हात लावत नाही. ती खुर्चीवर बूट न काढता बसून राहिली.

हे मला बघवेना. रिलिव्हर आल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, म्हणजे काय ते मला माहीत होतं. बारा तास स्टिअरिंगवर काढून डेपोत यावं आणि पुढचा ड्रायव्हर आलेला नसावा, यासारखं दुसरं दुःख नाही. आणि खरं सांगायचं तर दुसरं एक कारण होतं. सगळं गाव बर्फात अडकलंय आणि म्हाताऱ्यानं सुनेला ड्यूटीवर पोचवलं, असं लंडनला कळलं की पेन हललं असतं.

"ऊठ," मी म्हणालो. "साडेनऊला दवाखान्याच्या दारात."

"अहो, नका," ही म्हणाली. "ह्या वयात कशाला परीक्षा?"

"परीक्षा दोनदा दिलीय. एकदा पासपण झालोय."

हिनं थर्मास सूनबाईच्या हातात कोंबला. फावडं मी घेतलं नाही. पुढच्या काचेवर हातानं पुसून एक ताटाएवढं भोक केलं, त्यातनं मला रस्ता दिसला, आम्ही निघालो.

घराखालचा उतार संपताना मी ब्रेकवर पाय ठेवला आणि टपावरचा सगळा बर्फ गादी ओढावी तसा सर्रकन पुढच्या काचेवर आला. आत अंधार. गाडी कशीबशी थांबली. मी खाली उतरलो, बाहीनं काच पुसली, परत बसलो. सूनबाई फ्रिजवरच्या पत्रकासारखी माझ्याकडं बघत होती.

"पत्रकात एखादी गोष्ट खरी असायचीच," मी म्हणालो.

मोठ्या रस्त्याला लागलो तर समोर पत्रकातली तीच गाडी. पिवळी, ट्रकएवढी, टपावर नारिंगी दिवा गरागरा फिरतोय, पुढं लेनभर रुंद लोखंडी पातं, आणि पात्याच्या दोन्ही अंगांनी बर्फाचे फवारे उडतायत.

"ह्याला स्नोप्लाऊ म्हणतात," सूनबाई म्हणाली. "म्हणजे बर्फाचा नांगर."

मी नांगर बघितलेला माणूस आहे. नांगर जमीन उकरतो. हा नुसता ढकलत होता. पण या देशात कशाला काय म्हणावं यावर माझं कुणी ऐकत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. घाटात धुकं पडलं की आम्ही काय करायचो? पुढच्या ट्रकचं शेपूट धरायचं. म्हणजे त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवायची आणि पाच-सहा हातांवरनं त्याच्या मागं मागं जायचं. तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. दिवा सुटला की रस्ता सुटला, रस्ता सुटला की दरी. नवीन ड्रायव्हरला आम्ही पहिला धडा हाच द्यायचो. तेव्हा समोर जड गाडी, आजूबाजूला पांढरं, असं दिसल्यावर माझ्या पायानं मला न विचारताच गाडी पुढं घेतली आणि नांगराचं शेपूट धरलं.

त्या शेपटात एक चकती फिरत होती आणि चकतीतनं खडेमीठ चारी बाजूंनी उडत होतं. आमच्या बॉनेटवर ताशा वाजायला लागला.

"बाबा, मागे राहा ना. पेंट जाईल सगळा."

"शेपूट सोडलं की रस्ता कळायचा नाही."

"कळायचा नाही काय? उजाडलंय! सगळं दिसतंय! ती बघा, लांबवर मेंढरंसुद्धा दिसतायत!"

मेंढरं दिसत होती हे खरं. धुक्याचा पत्ता नव्हता, आभाळ निळं होत चाललं होतं. पण एकतीस वर्षांची सवय मेंढरं बघून सुटत नाही. मी आणखी थोडा जवळ गेलो.

तेवढ्यात टक् करून एक खडा काचेवर आला आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर मोहरीएवढा टवका उडाला.

मीठ झालं, मोहरी झाली. भर सकाळी, भर रस्त्यात, कौन्सिलच्या खर्चानं माझी दृष्ट काढणं चाललं होतं, आणि ही गाडी तर बिल्लेवाल्या ड्रायव्हरला मागं ठेवून वरातीच्या चालीनं चाललेली. घड्याळात नऊ वाजत होते. माझं डोकं फिरलं. मी हॉर्न वाजवला. त्या परीक्षेपासून साठवून ठेवलेला सगळा वाजवला. पुढच्यानं ऐकल्यासारखं केलं नाही.

"बाबा, नको."

पुढं चढाला रस्ता रुंद होत होता, चढत्या बाजूला दोन लेन. नांगर डाव्या लेनमध्ये. उजवी मोकळी. मोकळी म्हणजे गाड्यांपासून मोकळी, बर्फानं भरलेली.

"बाबा, ती लेन साफ नाहीये. बाबा!"

मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, उजवीकडं काढली आणि दाबली. पात्यातला सगळा बर्फ आमच्या डाव्या काचांवर थपाथप बसला, सूनबाईनं डोळे मिटले, गाडी दोनदा कमरेतनं हलली, पण हाताखाली होती. खोटं कशाला बोलू, मजा आली. नांगराच्या पुढं आलो, डाव्या लेनमध्ये घेतली, आरशात तो पिवळा राक्षस लहान व्हायला लागला. मी सूनबाईला म्हणालो, "बघितलंस? याला म्हणतात घाट."

विडी शिलगावायला लागतो तेवढाच वेळ तो आनंद टिकला.

कारण ती गाडी रस्ता साफ करत चालली होती. म्हणजे तिच्या मागचा रस्ता साफ होता. पुढचा साफ नव्हता. पुढचा साफ असता तर ती आलीच कशाला असती? हे कळायला चौथी पास असावं लागत नाही, तिसरीपण चालते. पण मला ते कळलं तेव्हा वाऱ्यानं वळणावर बॉनेटच्या उंचीचा बर्फ रचून ठेवलेला समोर होता, आणि गाडी त्यात बैल डबक्यात बसावा तशी शांतपणे जाऊन बसली. चाकं नुसती फिरत राहिली. पुढं जाईना, मागं येईना.

मागनं नांगर आला आणि थांबला. त्याच्या मागं दुधाची गाडी थांबली, तिच्या मागं व्हॅन, तिच्या मागं खालच्या वळणापर्यंत गाड्याच गाड्या. रस्ता उघडायला निघालेल्या गाडीचा रस्ता मी बंद केला होता. आणि एकानंही हॉर्न वाजवला नाही. आंबा घाटात असतं तर शंभर हॉर्न वाजले असते, माझ्या आईबापांचा उद्धार झाला असता, आणि मग त्याच लोकांनी खांदा लावून गाडी काढली असती. इथं सगळे आपापल्या काचेआड गप्प बसून राहिले. ते जास्त लागलं.

नांगरातनं एक माणूस उतरला. नारिंगी जॅकेट, भुवया पांढऱ्या, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी धाकटा. हातात दोन फावडी. एक त्यानं न बोलता माझ्या हातात दिलं. आम्ही दोघं म्हातारे चाकांखालचा बर्फ काढायला लागलो. मागच्या गाड्यांतनंही तिघं-चौघं आले, प्रत्येकाच्या हातात फावडं. सगळ्यांनी पत्रक वाचलेलं होतं.

त्या माणसाची इंग्रजी इकडची, अस्सल खेड्यातली. मुलाला इथं दहा वर्षं झाली, तोसुद्धा असलं बोलणं दुसऱ्यांदा विचारतो. सूनबाई दवाखान्यात रोज ऐकते म्हणून तिला कळतं. ती आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"ते विचारतायत, घाई कुठली?"

"सांग, दवाखान्याची."

तो फावडं न थांबवता काहीतरी पुटपुटला. सूनबाई घुटमळली.

"सांग की."

"ते म्हणतायत, अशी चालवलीत तर दवाखान्यात नक्की पोचाल. फक्त आडवे."

"सांग त्याला, एकतीस वर्षं घाटात गाडी चालवलीय. एका माणसाला खरचटलं नाही."

तिनं सांगितलं. तो थांबला, फावड्यावर हात ठेवून त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि मान हलवली.

"ते विचारतायत, तिथे बर्फ असतो?"

"बर्फ नसतो. पण धुकं असं असतं की स्वतःचा हात दिसत नाही."

"ते म्हणतायत, धुक्यात गाडी रुतत नाही."

मी फावडं जोरात चालवायला घेतलं.

गाडी मोकळी करून कडेला घेतल्यावर त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि कोपराला धरून नांगराच्या मागं नेलं. मला वाटलं, आता हा मला मिठात घालतो. पण त्यानं चकतीच्या वर बोट केलं. तिथं हातभर रुंद पिवळी पाटी होती, तिच्यावर काळी ठसठशीत अक्षरं. मी पाच हातांवरनं त्या पाटीकडं दोन मैल तोंड करून आलो होतो. वाचली नव्हती. माझी नजर दिव्यावर होती.

"काय लिहिलंय?" मी सूनबाईला विचारलं.

"सुरक्षित अंतर ठेवा," ती म्हणाली.

ही अक्षरं मला माहीत होती. माझ्या लाल गाडीच्या पाठीवर हीच होती, मराठीत. दर दिवाळीच्या आधी डेपोतला पेंटर शिडी लावून ती परत गिरवायचा आणि मी खाली उभा राहून त्याला सांगायचो, 'अंतर'चं टिंब जरा मोठं काढ, ह्या मागच्या लेकाच्यांना दिसत नाही. एकतीस वर्षं ती पाटी माझ्या पाठीमागं होती. ड्रायव्हर पुढं बसतो. पाटी मागच्यासाठी असते. धुक्यात दुसऱ्याचं शेपूट मी धरायचो, आणि माझं कुणी धरलं की आरशात बघून त्याला काय काय म्हणायचो ते सूनबाईपुढं उच्चारण्यासारखं नाही. या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच घाटात करताना त्यांत काही विसंगत आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हातारा आपल्या गाडीत चढता चढता काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतायत, आता माझ्या मागे या. पण माझ्या आरशात तुमचं तोंड दिसता कामा नये."

मी त्याच्या मागं गेलो. इतका मागं, की दुधाच्या गाडीवाल्यानं मला मान डोलावून आधी जायला दिलं तेव्हा मीच त्याला पुढं घातलं.

साडेनऊची गाडी पावणेअकराला पोचली. रात्रपाळीची नर्स दाराशी कोट घालून उभी होती, डोळे सुजलेले. सूनबाई दिसल्यावर तिनं हुश्श केलं आणि माझ्याकडं वळून, आणून सोडल्याबद्दल माझे आभार मानले. माझे.

आत जायच्या आधी सूनबाई परत गाडीपाशी आली. खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी त्याला काही सांगणार नाहीये. काचेचं काय, दगड उडाला म्हणू. आणि फॉर्मचं टेन्शन घेऊ नका, मी त्याच्याकडून भरून घेते. गाडी गेली तर तुम्ही कसे व्हाल ते मला माहितीय."

पोर मनानं चांगली आहे. पण घरी येताना त्या साफ रस्त्यावर ते बोलणं मला त्या टवक्यासारखं डोळ्यांपुढं राहिलं. सूनबाई माझी केस दाबणार होती. आमच्या डेपोत केसेस दाबणारे पुष्कळ होते. कंट्रोलरला चहा पाजला की वाकलेला पत्रा आपोआप सरळ व्हायचा. मी कधी चहा पाजला नाही. एकदा शिंगाळ म्हशीनं रस्त्यात मान वळवली आणि माझ्या गाडीचा आरसा गेला. म्हशीखेरीज कुणी बघितलं नव्हतं. तरी मी डेपोत जाऊन उभ्यानं रिपोर्ट दिला होता, ठिकाण, वेळ, नुकसान, चूक कुणाची. चूक म्हशीची लिहिली, ती होतीच. पण लिहिली. बिल्ला काही गप्प राहण्याबद्दल मिळालेला नव्हता.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही नांगराच्या पुढं गेलात?"

"हो."

"नांगराच्या पुढं बैल असतो, एवढंपण ठाऊक नव्हतं तुम्हांला?"

मी जेवलो आणि झोपलो. जेवणात मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला उठलो, आंघोळ केली, कोट घातला, त्याला बिल्ला लावला आणि लंडनला फोन केला. मुलगा अजून अंथरुणात असावा.

"बाबा? काय झालं?"

"रिपोर्ट आहे. लिहून घे, नाहीतर नुसता ऐक. काल सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. मोठ्या रस्त्याचा चढ, वरचं वळण. उतारू एक, तुझी बायको, सुखरूप. बर्फाच्या गाडीचं शेपूट धरलं, मग तिला ओव्हरटेक केलं, पुढं रुतलो. रस्ता अर्धा तास बंद. नुकसान, काचेवर मोहरीएवढा टवका आणि बॉनेटचा रंग. चूक चालकाची."

पलीकडं अंथरुणातनं उठल्याची खडबड झाली. मग म्हणाला, "तुम्हांला लागलं नाही ना?"

"ते रिपोर्टात नसतं. शिक्षा सांग."

"शिक्षा काय, बाबा—"

"चौकशी संपेपर्यंत निलंबन असतं. किती दिवस?"

त्याच्या हसण्याचा आवाज आला. दाबून हसत होता, बापासारखाच. "बर्फ वितळेपर्यंत," तो म्हणाला.

"मंजूर."

"आणि फॉर्म?"

"तू आलास की भरू. मी सांगेन तेच लिहायचं, कालचंसुद्धा, जर विचारलं असेल तर. ऐकू येतं का विचारलंय, त्याला हो लिही. सांगितलेलं ऐकतो का, असं कुठं विचारलंय?"

"नाही, बाबा."

"मग काळजी नाही."

मग फावडं घेऊन बाहेर गेलो. गाडीच्या टपावरचा बर्फ काढला, दिवे पुसले, नंबरची पाटी पुसली, मागची काच पुसली. ब्लँकेट, टॉर्च, फावडं मागं टाकलं. सूनबाईची पाळी त्या दिवशी साडेबाराची होती, मी तिला दहालाच बाहेर बोलावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"बाबा, मी? बर्फात?"

"दुसऱ्या गिअरमध्ये सुटायचं. ब्रेकला हळूच हात लावल्यासारखा पाय लावायचा. बाकी मी आहे."

डावीकडचं दार उघडून मी आत बसलो. या गाडीत मी त्या बाजूला कधी बसलेलो नव्हतो, तिकडचा पट्टा कुठनं ओढायचा तेही शोधावं लागलं. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मी समोरच्या फळीवर बोटानं दोनदा ठोकलं, टिंग टिंग, आणि गाडी सुटली.